उधाण, तुफान आणि नदीचा पूर

"पूर आला" असें आपण सहज म्हणतों. परंतु तो कोणत्या पाण्याचा आला हें क्वचितच विचारतों. साष्टी बेटांत, म्हणजे हल्लीं ज्यास मुंबईचें उपनगर म्हणतात त्या अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर वगैरे भागांत, पूर तीन पाण्यांनीं येतो. एक डोंगरावरून उतरणारें नदीनाल्याचें, दुसरें नित्याच्या भरतीचें, आणि तिसरें तुफानी वाऱ्यानें किनाऱ्यावर लोटलेलें समुद्राचें. पैकीं पहिलें गोडें व बाकीचीं दोन खारीं. हा भेद शहरांतील माणसास फारसा महत्त्वाचा नसेल, पण खाडीकांठीं ज्याची जमीन आहे त्याचें पुढील दोन-तीन वर्षांचें पोट त्यावर अवलंबून असतें. प्रस्तुत लेखकानें महसुली कचेरींत कारकुनी करीत पुराचे पुष्कळ पंचनामे लिहिले, आणि या भेदाविषयींची एक चूक त्याच्याही हातून घडली आहे. ती पुढें सांगतों.

प्रथम भरतीचा विचार करूं. खाडीकांठच्या जुन्या माणसांस घड्याळावांचून भरती सांगतां येते. तिथीची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल त्या तासास पूर्ण भरती, दिवसाही व रात्रींही. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, पौर्णिमा-अमावास्येस सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या व मध्यरात्रीच्या सुमारास. तिथीची क्षयवृद्धि होत असल्यामुळें अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, तरी शेताच्या कामास एवढा हिशेब पुरतो. अष्टमीच्या आसपासची भरती लहान, तिला भांगाची भरती म्हणतात. पौर्णिमा व अमावास्या यांच्या पुढें एक-दोन दिवस पाणी सर्वांत अधिक चढतें, तें उधाण. गोव्याकडे भरती-ओहोटींतील अंतर सुमारें दोन मीटरांचें; मुंबईस उधाणांत तें चार-पांच मीटरांवर जातें, आणि खंबायतच्या आखातांत समुद्र निमुळता होत गेल्यामुळें भावनगरास दहा मीटरांच्याही वर. वर्तमानपत्रांत "साडेचार मीटर भरती" असें छापलेलें पाहून कित्येक लोक घाबरतात. ही उंची जमिनीपासून नव्हे, तर अगदीं खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजतात, हें ध्यानांत ठेवावें.

आतां नद्या. दहिसर नदी तुळशी तलावाच्या बाजूनें निघून मनोरीच्या खाडीस मिळते. पोईसर व ओशिवरा या मालाडच्या खाडीकडे जातात. मिठी ही विहार व पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमपर्यंत येते. मुलुंड-घाटकोपरचे नाले पूर्वेस ठाण्याच्या खाडींत उतरतात. या सर्वांची लांबी फार थोडी. दहिसर नदी तर सुमारें १२ किलोमीटरांत डोंगर, सपाटी व खाडी अशा तिन्ही अवस्था भोगते. त्यामुळें डोंगरावर पडलेला पाऊस दोन-तीन तासांत मुखाशीं येतो. आणि त्या वेळीं भरती असली तर मुख बाहेरून अडसर घातलेल्या दारासारखें बंद असतें. पाणी पुढें जाऊं शकत नाहीं, म्हणून मागें व आजूबाजूस पसरतें.

मंगळवार, २६ जुलै २००५ रोजीं हेंच घडलें. सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, म्हणजे सदतीस इंचांहून अधिक, पाऊस मोजला गेला; कुलाब्यास त्याच अवधींत अवघा ७३ मिलिमीटर. दुपारीं अडीच ते साडेतीन या एका तासांतच सांताक्रूझला १९० मिलिमीटर कोसळला. शहराचीं जुनीं गटारें तासास २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटी असतां, वाहून नेण्याच्या मापानें बांधलेलीं होतीं. गुरुपौर्णिमा २१ तारखेस होऊन गेली होती. तेथून पांचवा दिवस, पांचाची पाऊणपट पावणेचार. प्रत्यक्ष भरती ३ वाजून ५० मिनिटांनीं, ४.४८ मीटरांची. त्या दिवशीं तुफान नव्हतें. केवळ दोन पाण्यांची भेट झाली, आणि राज्यांत हजारावर माणसें दगावलीं. पुढें सरकारनें डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालीं सत्यशोधन समिति नेमली. नद्यांचीं पात्रें किती आकसलीं होतीं हें त्या निमित्तानें सर्वांसमोर आलें. मिठी नदी तर विमानतळाच्या धावपट्टीखालून नेलेली आहे.

तिसरें पाणी तुफानाचें. चक्रीवादळाच्या पोटांत हवेचा भार कमी असतो. तो एक मिलिबारनें उतरला कीं समुद्र सुमारें एक सेंटिमीटर फुगतो. पन्नास मिलिबार उतरला तरी हा फुगवटा अर्ध्या मीटराचाच. खरें काम वारा करतो. तो तासन्‌तास एकाच दिशेनें पाणी ढकलीत राहतो, व समुद्र उथळ असला कीं त्या पाण्यास तळाकडून मागें वळण्यास वाव मिळत नाहीं. तें किनाऱ्यावर सांचत जातें. नोव्हेंबर १९७० मध्यें पूर्व पाकिस्तानांत, म्हणजे हल्लींच्या बांगलादेशांत, अशा लोटानें तीन ते पांच लाख माणसें नेलीं असा अंदाज आहे. आपल्या बाजूस वारा घड्याळाच्या कांट्याच्या उलट फिरतो. म्हणून पश्चिमेकडून आलेलें तुफान कोंकणांत जेथें जमिनीवर चढतें त्याच्या दक्षिणेस वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, आणि उत्तरेस जमिनीकडून समुद्राकडे.

३ जून २०२० रोजीं "निसर्ग" चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस दुपारीं चढलें. मुंबई त्याच्या उत्तरेस राहिली. शिवाय ती ज्येष्ठ शुद्ध द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे तुफान आलें तेव्हां भरती उलटून पाणी ओसरूं लागलें होतें. या दोन्ही गोष्टी उपनगराच्या पथ्यावर पडल्या. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडील सुपारी-नारळाच्या वाड्या मात्र वाऱ्यानें आडव्या केल्या. पुढल्याच वर्षीं, १७ मे २०२१ रोजीं, "तौक्ते" मुंबईच्या समुद्रांतून उत्तरेस गेलें. किनारा त्याच्या उजव्या हातास आला, सांताक्रूझला २३० मिलिमीटर पाऊस झाला, व लाटांनीं गेटवेपाशीं कठडा फोडला. तिथि वैशाख शुद्ध पंचमी, भरती पावणेचारास, परंतु ती चार मीटरांच्याही आंतली. तेंच तुफान नऊ दिवस उशिरां, २६ मेच्या ग्रहणाच्या पौर्णिमेस आलें असतें तर गोराई-मनोरीच्या खाडींत पाणी कोठवर चढतें, याचा विचार वाचकांनींच करावा.

येथें एक गोष्ट सांगून टाकतों. १८८२ च्या जूनमध्यें मुंबईस तुफान होऊन लाखभर लोक बुडाले, अशी माहिती कित्येक पुस्तकांत आढळते. अलीकडे अभ्यासकांनीं त्या काळचीं वर्तमानपत्रें व दप्तरें धुंडाळलीं. असें तुफान झाल्याचा मागमूस नाहीं. लाख माणूस बुडावें आणि सारासूट मागणारा एकही अर्ज दप्तरीं नसावा, हें आमच्यासारख्या कारकुनास तरी पटत नाहीं! मात्र नोव्हेंबर १९४८ चें मुंबईचें तुफान व ११ नोव्हेंबर २००९ चें "फयान" हीं खरीं. आणि कार्तिकाच्या सुमाराचीं तुफानें शेतकऱ्यास अधिक वाईट, कारण तेव्हां भात कापणीस आलेलें असतें व खारट पाणी धुवून काढण्यास पुढें पाऊस नसतो.

आतां माझ्या चुकीविषयीं. खाडीकांठच्या एका गांवीं उधाणाच्या दिवशीं बांधाच्या उघाडीचें दार निखळून खारें पाणी शेतांत शिरलें. दार कुजल्याचा अर्ज ज्या कचेरीकडे होता तेथें तो दोन वर्षें पडून होता. मी पंचनाम्यास गेलों तेव्हां पाऊसही चालू होता. छापील नमुन्यांत समुद्राच्या पाण्यासाठीं रकाना नव्हता, म्हणून कारणाच्या जागीं "अतिवृष्टि" लिहिलें. शेताचा म्हातारा धनी म्हणाला, "भाऊसाहेब, पानी जरा चाखून तरी बगा." मी चाखलें नाहीं. त्यास एका हंगामाची मदत मिळाली. दुसऱ्या वर्षीं रोपें लावल्यावर पंधरा दिवसांत पानांचीं टोकें करपलीं, तिसऱ्या वर्षीं निम्मेंच पीक आलें; आणि दप्तरांत मात्र ती जमीन पहिल्याच वर्षीं चांगली झालेली होती.

म्हणून पंचनाम्यास माणूस आला म्हणजे तारखेबरोबर तिथि, पाणी शिरल्याचा तास, तें बांधाकडून आलें कीं डोंगराकडून, व भिंतीवरील पाण्याची खूण हीं जबाबांत आग्रहानें लिहवावीं. पाऊस भरतीच्या तासाशीं बांधलेला नसतो. खारें पाणी असतें. शेतांतील पाणी बाटलींत भरून ठेवावें, आणि जमीन वाफशास येतांच माती परीक्षेस पाठवावी. मातीची विद्युत्‌वाहकता ४ डेसीसायमनच्या वर गेली कीं ती क्षारयुक्त धरतात. हा कागद हातीं असला कीं पुढील वर्षाचें म्हणणें मांडतां येतें.

जमिनीच्या दुरुस्तींत आधीं बांधाची खांड बुजवावी. त्यावांचून बाकीचें सर्व व्यर्थ. नंतर पावसाचें गोडें पाणी शेतांत दोन-चार दिवस कोंडून ओहोटीच्या वेळीं उघाडीवाटे सोडावें, व असें अनेकदां करावें. लावणी त्यानंतरच, थोडीं जून रोपें घेऊन, एका चुडांत नेहमींपेक्षां दोन-तीन अधिक. कापणी होतांच नांगरट करावी, म्हणजे उन्हाळ्यांत खालचें मीठ वर चढण्याची वाट तुटते. पेंढा पसरल्यासही उपयोग होतो. बियाण्यांत जुना राता खार सोसतो. पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्रानें काढलेल्या पनवेल १, २ व ३ या जातीही त्याच कामाच्या. बांधाबाहेरचीं तिवरें कोणी जळणासाठीं तोडीत असल्यास त्यास थांबवावें. लाटेचा पहिला मार तींच खातात. मुलुंड, भांडुप, कांजूर येथील मिठागरें व खाजणें हीं तर फुगलेल्या पाण्यास पसरण्याची जागाच होत. तीं भराव घालून उंच केलीं कीं तेंच पाणी शेजारच्या घरांत जातें.

वर सांगितलेल्या गांवीं उघाडीचें नवें दार शेवटीं खातेदारांनींच वर्गणी काढून बसविलें. दर पौर्णिमा-अमावास्येच्या आधीं त्याच्या बिजागऱ्यांस वंगण घालावयाचें व खालचा गाळ काढावयाचा, ही पाळी आतां घरोघर लावलेली आहे, आणि पाळीचा कागद त्या म्हाताऱ्याच्या घरीं पंचांगाशेजारीं टांगलेला असतो.