रिपोर्टमध्ये 'आर' का येतो? जिवाणूच्या आवरणात दरवाजे कसे बसतात, जाणून घ्या

अंधेरी असो की मुलुंड, लघवीला जळजळ होते म्हणून तपासणी केली की लॅबच्या कल्चर रिपोर्टवर बहुतेक वेळा एकच नाव दिसतं: ई. कोलाय. त्याखाली अँटिबायोटिक्सची यादी असते. 'एस' म्हणजे औषध लागू पडेल, 'आर' म्हणजे जिवाणू त्याला दाद देणार नाही. 'आर' येण्याची कारणं अनेक आहेत. त्यातली काही जिवाणूच्या आवरणात दडलेली आहेत.

आवरणात दरवाजे कशाला?

ई. कोलायला एकाबाहेर एक अशी दोन आवरणं असतात. बाहेरचं आवरण बऱ्याच औषधांना अडवतं. पण जिवाणूला अन्न तर आत घ्यावंच लागतं. त्यासाठी या आवरणात 'पोरिन' नावाची प्रथिनं असतात. तळ नसलेल्या पिंपासारखा त्यांचा आकार, मधून आरपार वाट. पेनिसिलिनच्या कुळातली अनेक औषधंही याच वाटेने आत शिरतात. काही जिवाणू मग पोरिनच कमी बनवतात आणि औषध बाहेरच राहतं.

दरवाजा बसतो कसा?

पोरिन तयार होतं पेशीच्या आत, पण बसायचं असतं सर्वांत बाहेरच्या आवरणात. गर्दीच्या लोकलमधून उतरताना छत्री मिटलेलीच ठेवावी लागते, उघडायची ती बाहेर आल्यावर. पोरिनचंही तसंच. आतल्या आवरणातल्या 'सेक' नावाच्या अरुंद मार्गातून ते सुट्या दोऱ्यासारखं बाहेर पडतं. दोन आवरणांमधल्या जागेत त्याचा गुंता होऊ नये म्हणून मदतनीस प्रथिनं त्याला सांभाळून नेतात.

शेवटचं काम 'बॅम' या यंत्राचं. ई. कोलायमध्ये ते पाच प्रथिनांचं बनलेलं असतं. ते दोऱ्याला पिंपाचा आकार घ्यायला लावतं आणि आवरणात बसवतं. विशेष म्हणजे पेशीचं इंधन, म्हणजे एटीपी, तिथे उपलब्ध नसतं. तरीही हे काम होतं. बॅम बंद पडलं तर जिवाणू जगू शकत नाही.

मुंबईत काय दिसलं?

माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. कार्बापेनेम या ताकदवान औषधांना दाद न देणाऱ्या २४ नमुन्यांपैकी २२ मध्ये 'एनडीएम-१' सापडलं. हे एन्झाइम औषधाचे तुकडे करतं. तेही बाहेरच्या आवरणालाच, आतल्या बाजूने, अडकवलेलं असतं, हे २०१६ मध्ये स्पष्ट झालं. म्हणजे दरवाजातून आत आलेल्या औषधाला उंबरठ्यावरच गाठायची सोय!

मग उपाय काय?

बॅमचा मुख्य भाग बाहेरच्या आवरणातच असतो. त्याला रोखणाऱ्या औषधाला जिवाणूच्या आत शिरायची गरजच नाही. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांना 'डॅरोबॅक्टिन' हे असं संयुग सापडलं. सूक्ष्म कृमींच्या आतड्यात राहणारे जिवाणू ते बनवतात. मात्र त्यापासून अजून मेडिकलमध्ये मिळणारं औषध तयार झालेलं नाही.

तोपर्यंत हाती आहेत ती औषधं जपणं महत्त्वाचं. सर्दी-खोकला बहुतेकदा विषाणूंमुळे होतो, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. घरात उरलेली गोळी किंवा शेजाऱ्याचं प्रिस्क्रिप्शन वापरू नका. डॉक्टरांनी कल्चर सांगितलं असेल तर ते टाळू नका. विनाकारण घेतलेल्या प्रत्येक गोळीने औषधाला दाद न देणारे जिवाणू तेवढे मागे उरतात, आणि पुढच्या रिपोर्टमध्ये 'आर' वाढतात.