फळी हलावी, खांब हलू नये

लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. मधली दुमजली गोल इमारत १९४५ची. तिच्या मधोमध जगदंबेचं मंदिर आणि भोवती सोनं, कापड, भांडी, चपला, मिरची, गूळ असा सगळा बाजार. यातल्या कुठल्याही रस्त्यावरच्या दुकानात शिरलं, की मालकाच्या पाठीमागे एक वस्तू हमखास दिसते: भोकं पाडलेले चार लोखंडी खांब आणि त्यांवर नट-बोल्टने बसवलेल्या पत्र्याच्या फळ्या. नांदेडच्या वजिराबादेत गेलात तरी तेच. औषधाच्या दुकानात या फळ्या दाटीने लागलेल्या असतात, किराण्यात ऐसपैस, गाइड आणि सरावसंच विकणाऱ्याकडे मापून पुस्तकाच्या उंचीच्या. सांगाडा एकच, माल बदलला की फळी वर किंवा खाली.

ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यामागे कुणी डोकं चालवलं असेल असं वाटतच नाही. प्रत्यक्षात रॅक तयार करताना पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच प्रश्न सोडवायचा असतो: यातलं काय हलवता यावं आणि काय मुळीच हलू नये. पहिल्या अर्ध्यासाठी गिऱ्हाईक पैसे मोजतं. दुसरा अर्धा बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही.

जुन्या मराठवाडी घरात साठवण भिंतीतच असे. जाड दगडमातीच्या भिंतीत कोनाडे, देवळ्या, लाकडी दारांचं फडताळ. धान्यासाठी बळद, कणगी किंवा जमिनीखालचं पेव. स्वयंपाकघरात मडक्यांची उतरंड. पोती ओलीपासून वर ठेवायला घडवंची. यातलं बरंचसं एकदा बांधलं की पिढ्यान्‌पिढ्या तिथेच. त्यात गैर काही नव्हतं, कारण मालही ठरलेला होता. ज्वारी ज्वारीच्या जागी आणि तूर तुरीच्या. पुढे शहरात लोखंडी कपाट आलं. मुंबईच्या गोदरेजने १९२३ पासून पोलादी कपाटं बनवायला घेतली आणि काही दशकांत ‘गोदरेज’ म्हणजेच कपाट असं समीकरण होऊन बसलं. पण कपाट हे कुलपासाठी असतं. दिवसातून शंभर वेळा हात घालायचा असेल तर दार आडवं येतं.

भोकांच्या अँगलची कल्पना लंडनमधल्या एका छापखान्यातून आली. ऑस्ट्रेलियात जन्मलेले, ग्रीक वंशाचे डिमिट्रियस कॉमिनो तिथे छपाईचा व्यवसाय करत. कागद, शाई, खिळे, अर्धवट झालेली कामं यांच्यासाठी सतत नवे घोडे-मांडण्या ठोकाव्या लागत, आणि काम बदललं की ते लाकूड वाया जाई. त्यांनी इंग्रजी ‘एल’च्या आकाराची, दोन्ही अंगांना लांबट भोकं पाडलेली पोलादी पट्टी तयार केली. हवी तशी कापा, बोल्टने जोडा, नको झाली की सोडवून दुसरं काही उभारा. १९४७ मध्ये त्यांनी ‘डेक्सिऑन’ ही कंपनी काढली आणि हा अँगल जगभर गेला. भोक लांबट ठेवण्यात खरी हुशारी होती. माप सूतभर चुकलं तरी बोल्ट बसतो. जोडायला वेल्डर लागत नाही, पाना पुरतो.

भारतात ग्रंथालयांनी या रॅकला वेगळी प्रतिष्ठा दिली. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पाचवा सांगतो की ग्रंथालय ही वाढत जाणारी, सजीव संस्था आहे. वाढणाऱ्या संस्थेला खिळ्यांनी ठोकलेली फळी कशी चालेल? रंगनाथन भारतीय मानक संस्थेच्या प्रलेखन समितीचेही बरीच वर्षं अध्यक्ष होते. फळ्या वरखाली करता येणाऱ्या धातूच्या रॅकसाठी आपल्याकडे ‘आयएस १८८३’ हे स्वतंत्र मानकही आहे. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर गावोगावी अनुदानित वाचनालयं उभी राहिली. त्यातल्या कित्येकांच्या एका भिंतीला कुलपाचं कपाट आणि दुसऱ्या भिंतीला उघडा रॅक अजून शेजारी शेजारी नांदतात.

आता कारखान्यात येऊ. एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये रॅकची ऑर्डर गेली, की पहिला प्रश्न येतो तो गेजचा. इथे नवखा माणूस फसतो, कारण गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. खांबाचा अँगल साधारण १४ गेजचा, म्हणजे दोन मिलिमीटर जाडीचा. फळीला १८ गेज म्हणजे सुमारे सव्वा मिलिमीटर, २० गेज म्हणजे एक मिलिमीटरच्या आत-बाहेर, आणि २२ गेज त्याहून पातळ. भावात घासाघीस झाली की फळीचा गेज गुपचूप वर सरकतो. रंग लागल्यावर तो डोळ्यांना कळत नाही, हाताने दाबल्यावर कळतो.

पत्रा शिअरिंगवर कापला जातो, मग बेंडिंगवर त्याचे काठ खाली वळवले जातात. फळीची खरी ताकद या वळवलेल्या काठात असते. सपाट पत्र्याचा तुकडा दोन टोकांना धरला तर स्वतःच्या वजनानेही लवतो. त्याच पत्र्याचा काठ वळवून उभा केला की तो तुळईचं काम करतो. उभ्या पट्टीची उंची दुप्पट केली तर तिचा ताठपणा आठपट होतो. म्हणून जाणता कारागीर जाड पत्र्यापेक्षा उंच काठ आणि फळीच्या पोटाखाली एक आधारपट्टी यांवर भर देतो. त्यात लोखंड कमी लागतं आणि झोळही कमी पडतो.

झोळाचं गणित मात्र निर्दय आहे. दर फुटाला वजन तेवढंच ठेवून फळीची लांबी वाढवली, तर झोळ लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. तीन फुटांची फळी चार फुटांची केली की तो तिपटीहून जास्त होतो. बाजारात तीन फुटी फळीचा सुळसुळाट उगाच नाही. ‘एक खांब वाचेल’ म्हणून चार-पाच फुटी फळी मागणाऱ्या दुकानदाराला तो वाचलेला खांब वर्षभरात फळीच्या पोटात दिसतो.

वजनाचा अंदाज तर आपण नेहमीच कमी बांधतो. परीक्षांच्या तयारीच्या लातूर ‘पॅटर्न’मुळे आणि नांदेडच्या क्लासेसमुळे या दोन शहरांत कागदाचा मोठा साठा फिरत असतो. ए-फोर कागदाचं, ५०० पानांचं एक रीम सुमारे पाच सेंटिमीटर जाड आणि सव्वादोन किलोच्या वर भरतं. तीन फुटांच्या फळीवर अशी १८ रीमं उभी बसतात. म्हणजे एका ओळीतच ४० किलोहून जास्त. त्या मापाची जाड पुस्तकं भरली तरी हिशेब फार बदलत नाही. अशा सहा फळ्या म्हणजे अडीचशे किलो: तुरीची पन्नास किलोची पाच पोती चार सडपातळ पायांवर.

इथपर्यंतचं फळीचं. खरा धोका खांबात लपलेला असतो आणि तो नेमका सोयीच्या वाटेनेच येतो. सात फुटी रॅकला पाच फळ्या असतील तर दोन फळ्यांत साधारण वीस इंच अंतर राहतं. दुकानदार तेलाचे पंधरा किलोचे डबे आणतो आणि दोन थर मावावेत म्हणून मधली एक फळी काढतो. वजन वाढलेलं नाही, फळी तर कमीच झाली. मग बिघडलं काय? प्रत्येक फळी माल तर पेलतेच, शिवाय चारही खांबांना कंबरेत धरून ठेवते. ती काढली की त्या जागी खांबाची मोकळी उंची दुप्पट होते. आणि लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकातच दाखवून दिलं होतं, की सडपातळ खांब बाहेर वाकण्याआधी जेवढं वजन घेतो, ते मोकळ्या उंचीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात बदलतं. उंची दुप्पट, ताकद पावपट. रॅक बदलता येतो, पण बदलला की तो पूर्वीचा रॅक राहत नाही. त्याची ताकद नव्याने मोजावी लागते, आणि ती कुणी मोजत नाही.

दुसरा धोका डुगडुगण्याचा. बोल्टच्या जोडात थोडी ढिलाई असतेच. त्यामुळे चौकोनी सांगाडा बाजूने ढकलला की कलतो. गुनियात उभा केलेला रॅक तसाच राहावा म्हणून कोपऱ्यांत त्रिकोणी गसेट आणि पाठीमागे तिरप्या क्रॉस पट्ट्या लागतात. त्रिकोण मोडल्याशिवाय कलत नाही, एवढं साधं तत्त्व. पण पाठीमागून हात घालता येत नाही म्हणून क्रॉस पट्टी काढणारे, आणि गसेटचे चार बोल्ट लावण्याऐवजी दोनच लावणारे सर्रास भेटतात.

हा धडा लातूर जिल्ह्याने फार मोठी किंमत मोजून घेतलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जवळपास आठ हजार माणसं गेली. घरांच्या भिंती जाड होत्या, पण आतली आणि बाहेरची दगडी अंगं एकमेकांत गुंतलेली नव्हती. वर माळवदाची टनावारी माती होती. लाकडी खांब-तुळयांच्या जोडांना तिरपा आधार नव्हता. म्हणजे वजन डोक्यावर आणि जोड मोकळे. भूकंपानंतर घरं मजबूत करण्यासाठी जे उपाय सांगितले गेले त्यांत छतावरची माती कमी करणं, भिंतीत आरपार दगड घालणं आणि खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरपी पट्टी मारणं हे होतं. ही तिरपी पट्टी म्हणजे रॅकचं गसेटच. तोवर हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जाई. २००२ च्या मानकात तो तिसऱ्या श्रेणीत गेला. जुलै २०२४ मध्ये हिंगोलीत केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का नांदेडकरांनाही जाणवला. या पट्ट्यात रॅकच्या खांबांची सर्वांत वरची दोन भोकं भिंतीला अँकरने पक्की करणं हा चोचला नव्हे. त्याला फार तर दोन बोल्ट आणि दहा मिनिटं लागतात.

अर्थात प्रत्येक साठवणीला रॅक लागत नाहीच. लातूरच्या डाळमिलच्या गोदामात तुरीची थप्पी जमिनीवर लाकडी क्रेटवर रचतात. एकाच जातीचा माल, शेकडो पोती, एकदम येणार आणि एकदम जाणार, आणि पोतं स्वतःच खालच्या पोत्यावर भार टाकतं. तिथे रॅक म्हणजे जागेची नासाडी. त्याच मिलच्या सुट्या भागांच्या खोलीत मात्र रॅकवाचून पान हलत नाही, कारण बेअरिंग, पट्टे, चाळण्या यांतली नेमकी एक वस्तू एका मिनिटात हवी असते. रेशीमशेती करणारा शेतकरी मजल्यामजल्यांचा रॅक उभारतो तो वजनासाठी नसतोच. अळ्यांना जागा हवी असते, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्या लागतात. मोठ्या वखारींतल्या पॅलेट रॅकला खांबात ५० किंवा ७५ मिलिमीटरवर खाचा असतात. बीम हुकाने अडकतो आणि फोर्कलिफ्टच्या धक्क्याने उचकटू नये म्हणून त्याला पिन घालतात. माल काय, किती वेळा निघणार, आणि धक्का कुठून बसणार, हे तीन प्रश्न सगळीकडे तेच.

या पॅलेट रॅकवर आणखी एक गोष्ट असते, जी गोलाईतल्या रॅकवर सहसा नसते. एक पाटी. तिच्यावर दर थराला किती किलो आणि थरांमधलं अंतर जास्तीत जास्त किती, हे लिहिलेलं असतं. अंतर बदललं तर पाटीही बदलावी लागते. आपल्याकडच्या फॅब्रिकेटरला हे अवघड नाही. खांबाच्या आतल्या बाजूला रंगाने तीन ओळी: फळीला इतके किलो, दोन फळ्यांत इतक्या इंचांपेक्षा जास्त अंतर नको, क्रॉस पट्टी काढू नका. फळी हलवण्याची मोकळीक विकणाऱ्याने तिची मर्यादाही त्याच बिलात द्यावी, आणि जड माल खाली, हलका वर, हे दुकानातल्या पोऱ्याला पहिल्याच दिवशी सांगावं. पुढची ऑर्डर देताना गिऱ्हाइकाने भाव आणि गेज यांच्या जोडीला या तीन ओळी मागितल्या, तर त्या लिहायला कुणी नाही म्हणणार नाही.