रात्रपाळी आणि घरचे घड्याळ

रुग्णालयात आपल्याला परिचारिका दिसते ती कामावर असलेली. सलाइन लावणारी, इंजेक्शन देणारी, नातेवाइकांना बाहेर थांबा म्हणून सांगणारी. ड्युटी संपल्यावर ती केव्हा झोपते, तिच्या घरी स्वयंपाक कोण करते, हा विचार सहसा आपल्या मनात येत नाही. माझ्या मनात तो रोज येतो, कारण माझ्या वहिनी एका सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात परिचारिका आहेत. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. माझी परीक्षा फी, पुस्तके, एस.टी.चा पास हे सारे वहिनींच्या पगारातून होते. बाळ लहान आहे म्हणून त्यांनी नोकरी सोडावी, असा विषय गेल्या वर्षी घरात निघाला होता. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी केवळ माहितीचा राहिलेला नाही.

प्रथम पाळ्यांचा हिशेब पाहू. सकाळी ८ ते दुपारी २, दुपारी २ ते रात्री ८ आणि रात्री ८ ते सकाळी ८ अशा त्यांच्या तीन पाळ्या. सहा, सहा आणि बारा मिळून चोवीस तास होतात. पण घड्याळात २ वाजले म्हणून कोणी निघत नाही. पुढच्या सिस्टरला प्रत्येक रुग्णाची स्थिती, दिलेली औषधे, राहिलेल्या तपासण्या हे सर्व सांगून मगच निघावयाचे. याला हँडओव्हर म्हणतात. तेवढ्यात एखादी रुग्णवाहिका दाराशी आली, की घरी पोहोचण्याची वेळ आणखी लांबते.

शिवाय अपघात विभागाचे काम वॉर्डपेक्षा निराळे आहे. येथे नंबर आल्या वेळेप्रमाणे लागत नाही, गरजेप्रमाणे लागतो. या पद्धतीला ट्रायाज म्हणतात. निवड करणे या अर्थाचा हा मूळ फ्रेंच शब्द आहे. जिवाला तत्काळ धोका असलेला रुग्ण लाल गटात, थोडा वेळ थांबू शकणारा पिवळ्या आणि किरकोळ दुखापतीचा हिरव्या गटात घेतला जातो. बोट कापलेला माणूस तासभर बसून चिडतो. त्याचे बोल सिस्टरांनाच ऐकावे लागतात. सर्पदंश, भाजलेले, विष घेतलेले, छातीत कळ आलेले, यांपैकी पुढच्या पाच मिनिटांत कोण येईल ते ठाऊक नसताना बारा तास सावध राहावयाचे, हा खरा ताण होय.

आता झोपेविषयी. आपल्या मेंदूत शरीराचे घड्याळ चालविणारे एक लहानसे केंद्र आहे. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून ते दिवस आणि रात्र ओळखते. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचे संप्रेरक वाढते व झोप येऊ लागते. या घड्याळाची पेशींमधील यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रात्रभर जागून सकाळी घरी आलेली व्यक्ती अंथरुणाला पाठ टेकते तेव्हा तिचे शरीर जागे होण्याच्या तयारीत असते. म्हणूनच दिवसाची झोप तुटक आणि अपुरी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली शरीराचे घड्याळ बिघडविणाऱ्या पाळीच्या कामाचा समावेश बहुधा कर्करोगास कारण ठरणाऱ्या गोष्टींत केला आणि २०१९ साली रात्रपाळीबाबत तोच निष्कर्ष कायम ठेवला. तेव्हा "तुमची सून दिवसभर झोपून असते" असे शेजारच्या काकू म्हणतात, त्यात विनोद वाटण्यासारखे काही नाही.

आमच्या घरी यातून मार्ग निघाला तो असा. दर नवा ड्युटी चार्ट आला की दादा तो कॅलेंडरशेजारी चिकटवितो. रात्रपाळीनंतरच्या सकाळी आई मिक्सरचे काम नऊच्या आत उरकते, बेल बंद ठेवते आणि खिडकीला जाड चादर लावते. बाळाला अंगणवाडीत सोडणे माझ्याकडे आणि रात्रीच्या भाकरी दादाकडे. दादाच्या भाकरीवरून पहिल्या महिन्यात भावकीत बरीच चर्चा झाली. आता कोणी बोलत नाही. सण आमच्याकडे तिथीला येतोच असे नाही, कधी तो चार्टप्रमाणे येतो. गेल्या वर्षीची भाऊबीज दोन दिवसांनी झाली, कारण दिवाळीत भाजलेली मुले येतात आणि अपघात विभाग सुना ठेवता येत नाही. घरी आल्यावर वहिनी आंघोळ करून थोडा वेळ गप्प बसतात. तेव्हा रात्री काय झाले असे कोणी विचारत नाही. त्यांना वाटले तर त्या स्वतः सांगतात, आणि आई कामे बाजूस ठेवून ऐकते.

परंतु सगळ्याच घरांत सासू आणि नणंद हाताशी नसतात. म्हणून हा प्रश्न केवळ घराच्या चांगुलपणावर सोडता येणार नाही. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकत्या क्रमाने दिल्या तर शरीराला त्या सोप्या जातात, कारण झोप उशिरा घेणे लवकर घेण्यापेक्षा सहज जमते. याला पैसा लागत नाही, चार्ट लिहिताना विचार लागतो. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. पण परिचारिकेला पाळणाघर रात्री ८ वाजताही उघडे हवे असते.

नोकरी आणि घर ही तारेवरची कसरत, असे आपण सहज म्हणतो आणि कसरत करणाऱ्या बाईचे कौतुक करून मोकळे होतो. तार धरून ठेवणारे हात किती, हे कोणी मोजत नाही. वहिनींनी नोकरी सोडली नाही, याचे कारण त्या कणखर आहेत हे तर आहेच. पण चार माणसांनी आपापली घड्याळे थोडी मागेपुढे केली, हेही आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी उद्या अशी पाळीची नोकरी करणारी बहीण, पत्नी किंवा सून असेल. तिचा ड्युटी चार्ट भिंतीवर कोण लावणार, हे आपण आजच ठरविलेले बरे.