काळी एक, काळी चार

परवा लंच ब्रेकमध्ये बाख ऐकत होते. शेजारच्या मित्रानं माझा एक इयरफोन ओढून कानात घातला आणि मिनिटभरात वैतागला, ‘‘काय गं हे? सगळे एकमेकांच्या मध्येच बोलतायत!’’

गडी नकळत फ्यूगचा फंडा सांगून गेला होता.

ऐकत होते तो बाखचा जी मायनरमधला ‘लिटल फ्यूग’. ऑर्गनवर एक सुरावट एकटीच निघते. तो सब्जेक्ट. ती संपली की दुसरा आवाज तीच सुरावट पंचमावरून धरतो. तो आन्सर. पण पहिला गप्प बसत नाही, तो सोबतीला भलतंच काहीतरी गात राहतो (काउंटरसब्जेक्ट). मग तिसरा, मग चौथा. पुढे थोडी भटकंती, पुन्हा सब्जेक्ट. काही फ्यूगमध्ये तर एकाची ओळ संपायच्या आत दुसरा ती उचलतो, त्याला स्ट्रेटो म्हणतात.

मला हे आधीच ठाऊक होतं. पुण्यात नाही, जालना-राजूर रस्त्यावर.

अंगारकीला राजूरच्या गणपतीला जालन्याहून लोक रात्रभर चालत जातात, पंचवीसेक किलोमीटर. आमच्या घोळक्यात आरती बाबा धरायचे, काळी एकमध्ये. मागून आई तीच ओळ काळी चारमध्ये घ्यायची, कारण बाबांची पट्टी तिला झेपत नाही. पेटीवर मोजून बघा, काळी एकला सा धरला तर काळी चार म्हणजे बरोबर पंचम! तेवढ्यात मागच्या घोळक्याची तीच आरती आमच्यावर येऊन आदळायची. आता, बाख आडव्या ओळी लिहितानाच उभा मेळ जमवतो आणि आमचा नुसता गोंधळ, हे मान्य.

गेल्या वर्षी बाबांची बायपास झाली. त्यानंतरच्या अंगारकीला ते मागच्या टेम्पोत बसले होते. आरती कोणी धरायची? बराच वेळ नुसता चपलांचा आवाज. मग आईनंच धरली, काळी चारमध्ये, एकटीनं. अर्धी ओळ झाली असेल, तोवर टेम्पोतून काळी एक. आन्सर आधी, सब्जेक्ट मागाहून. दम पुरत नव्हता, अख्खी ओळ निभत नव्हती, मधले शब्द गळत होते.

मी आईकडे बघितलं. वाटलं, थांबेल, त्यांना गाठू देईल.

ती थांबली नाही. पुढच्या ओळीवर गेली, आणि मागून बाबा.