कातडीखालची कणगी

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर वारली घरात कणगी असते. बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली. श्रावण-भाद्रपदात, नवा भात हाती यायच्या आधी, तिचा तळ दिसू लागतो. अशीच एक कणगी प्रत्येकाच्या कातडीखाली आहे. तिला आपण चरबी म्हणतो आणि नाक मुरडतो. मला हे अन्यायाचे वाटते.

जेवणातले तेल आतड्यात सुटे होते, पुन्हा जुळते आणि बारीक कणांतून रक्तात उतरते. चरबीतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीवर लायपोप्रोटीन लायपेज हे विकर बसलेले असते. ते हे कण फोडते. सुटलेली स्निग्धाम्ले पेशीत शिरली की तीन-तीनांची मोळी ग्लिसरॉलला बांधली जाते. पेशीत एकच मोठा थेंब साठतो, केंद्रक बिचारे कडेला रेटले जाते. उपास पडला किंवा वीटभट्टीवर दिवसभर अंगमेहनत झाली, की मोळ्या सुटतात आणि स्नायूंना सरपण मिळते.

या भागाची जुनी तेले म्हणजे खुरासणीचे आणि मोहाच्या बियांचे. मोहाच्या तेलात ओलिक आम्ल भरपूर. त्याची अठरा कार्बनांची साखळी नवव्या कार्बनपाशी विळ्यासारखी वाकलेली असते. वाकड्या साखळ्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत, म्हणून शुद्ध ओलिक आम्ल १३ अंशांच्या आसपासच वितळते. १९०२ मध्ये जर्मनीत विल्हेल्म नॉर्मन यांनी द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. ही क्रिया अर्धवट सोडली, की काही विळे सरळ होतात. सरळ झालेल्या ओलिकचे नाव इलायडिक आम्ल, आणि ते वितळायला सुमारे ४५ अंश लागतात. हेच ट्रान्स स्निग्ध. १९३७ पासून डालडाच्या डब्यातून वनस्पती तूप आपल्याकडे घरोघरी गेले. खारी, टोस्ट, फरसाण यांतून ते पाड्यावरच्या चहापर्यंत पोचणारच होते.

शरीर या पाहुण्याला दारातून परत पाठवत नाही. इतरांसारखेच मोळीत बांधून ठेवते, वेळ आली की जाळायलाही घेते. जाळताना मात्र अडखळते. उंदरांच्या यकृतातल्या मायटोकॉन्ड्रियांवर प्रयोग झाले, तेव्हा पहिले चार कार्बन सुटून गेले आणि मग ज्वलन रेंगाळले. अर्धवट तुकडा साचला. खरे नुकसान रक्तात होते: वाईट कोलेस्टेरॉल वाढते, चांगले घटते, हृदयविकाराचा धोका चढतो.

माणसाचे शरीर इलायडिक आम्ल स्वतः बनवत नाही. म्हणून चरबीचा चिमूटभर तुकडा तपासला, तर ते किती खाल्ले गेले याचा माग लागतो. ती नोंद किती जुनी, हेही शास्त्रज्ञांनी शोधले. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ अन्नातून चरबीत उतरला होता. तो मोजून स्वीडनच्या संशोधकांनी २०११ मध्ये साठलेल्या स्निग्धाचे सरासरी वय काढले: १.६ वर्षे.

भारतात तेल-तुपातल्या ट्रान्स स्निग्धाची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. ज्या दिवशी दुकानातला डबा बदलला, त्या दिवशी कणगी बदलली नाही. तिच्यातून जुना माल पुढे वर्ष-दोन वर्षे निघत राहिला.