गर्भवतीच्या वजनाची रोजकीर्द

व्यापारी माणसास नोंदीचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. रोजकीर्द दिवसाच्या दिवशी लिहिली, तर गळती कोठे होते ते वेळीच उमगते. वर्षअखेरीस आठवून लिहिली, तर पश्चात्तापच पदरी येतो. घरच्या गर्भवतीच्या वजनाविषयी मात्र आपण अजून अंदाजावरच चालतो. ‘आता दोघांचे जेवायचे’ म्हणून तिचे ताट भरतो, आणि बाळंतपणानंतर ‘सून फार सुटली’ म्हणून तिलाच दोष देतो.

सांप्रत या नोंदीसाठी मोबाईलवर निरनिराळी ॲप मिळतात. गर्भधारणेपूर्वीची उंची व वजन भरले की ॲप उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक काढते; पुढे वेळोवेळी भरलेले वजन आलेखावर मांडून वाढ योग्य मर्यादेत आहे की नाही ते दाखविते. या मर्यादांसाठी अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेच्या २००९ सालच्या शिफारशी पुष्कळ ठिकाणी आधारभूत मानतात. पोटात एकच मूल असता कृश स्त्रीचे वजन १२.५ ते १८ किलो, मध्यम बांध्याच्या स्त्रीचे ११.५ ते १६, वजनदार स्त्रीचे ७ ते ११.५ व अतिस्थूल स्त्रीचे ५ ते ९ किलो वाढावे, असे त्या सांगतात. वाढ फाजील झाली तर मूल प्रमाणाबाहेर मोठे होण्याचा व शस्त्रक्रियेने प्रसूती करावी लागण्याचा संभव वाढतो. अपुरी राहिली तर मूल कमी वजनाचे होण्याची भीती असते.

ॲपचा प्रत्यक्ष उपयोग किती? स्वीडनमध्ये ‘हेल्दी मॉम्स’ या ॲपची ३०५ गर्भवती स्त्रियांत चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. सरसकट सर्वांच्या वजनवाढीत लक्षणीय फरक पडला नाही. मात्र आहार सुधारला, आणि ज्यांचे वजन मुळात अधिक होते त्यांची वाढ कमी झाली. म्हणजे वही उपयोगी खरी. पण वही व्यापार करीत नाही.

आपल्या घरांसाठी काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. परदेशी मापात निर्देशांक २५ झाल्यावर वजन अधिक मानतात. भारतीयांच्या बाबतीत डॉक्टर २३ पासूनच सावध करतात. यास्तव ॲपने ‘ठीक’ म्हटले तरी डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार गर्भवतीस रोज सुमारे ३५० कॅलरी अधिक लागतात. म्हणजे जवळजवळ एक पोळी, वाटीभर वरण व पेलाभर दूध. हे दोघांचे जेवण नव्हे. चौविहार वा उपवास करावा की नाही, हेही डॉक्टरांनाच विचारावे, आणि शाकाहारी स्त्रीने ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी.

प्रसूतीनंतर अंगावर पाजणाऱ्या मातेस पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात. तेव्हा झटपट वजन उतरविण्याची ॲप दूर ठेवावीत; आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने डिंकाच्या लाडवांचा आग्रहही आवरता घ्यावा. न उतरलेले वजन पुढील गरोदरपणाच्या खात्यात मागील बाकी म्हणून ओढले जाते.

ही वही तिची आहे, घराची नव्हे. सभासद बंधूंस आमची एवढीच विनंती की, आकडा पाहून तिला बोल लावू नये. त्यापेक्षा सायंकाळी अर्धा तास आधी दुकान बंद करून तिच्यासोबत फिरावयास जावे.