गोमंतकाचे फुटबॉल खेळाडू आणि त्यांचा चरितार्थ

कोणत्याहि प्रदेशाचें बळ तेथील लोकसंख्येवरून मोजावें, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. शेती, व्यापार, सैन्य यांच्या बाबतींत ती पुष्कळ अंशीं खरीहि ठरेल. परंतु खेळाच्या मैदानांत हा हिशेब चुकतो. २०११ सालच्या खानेसुमारींत एकट्या नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें १६ लाख ४८ हजार भरली, संपूर्ण गोवा राज्याची सुमारें १४ लाख ५८ हजार, आणि वेस्ट इंडीज बेटांपैकीं त्रिनिदाद व टोबॅगो या देशाची सुमारें १३ लाख. यांपैकीं त्रिनिदादचा संघ २००६ सालीं जर्मनींत विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेंत उतरला, आणि गोव्यानें भारताच्या राष्ट्रीय संघाला अनेक नामांकित खेळाडू व एकाहून अधिक कप्तान दिले. शंभर कोटींहून अधिक लोकसंख्येचा भारत मात्र विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेंत अद्याप एकदांहि खेळलेला नाहीं.

हें कोडें सोडवावयाचें तर खेळाडूंची संख्या मोजून भागत नाहीं. त्यांचा चरितार्थ कसा चालतो तें पाहावें लागतें. फुटबॉल खेळणाऱ्या तरुणाची कारकीर्द सतराव्या-अठराव्या वर्षीं सुरू होते आणि बहुधा पस्तिशीच्या आंत संपते. गुडघा दुखावला तर त्याहूनहि आधीं. वकील, वैद्य, शिक्षक यांचें कौशल्य वयाबरोबर वाढतें. फुटबॉल खेळाडूचें कौशल्य शरीराबरोबर ओसरतें. ज्या वयांत इतर लोक आपल्या धंद्यांत स्थिर होतात, नेमक्या त्याच वयांत त्याचा धंदा बंद पडतो. यास्तव प्रत्येक खेळाडूपुढें दोन प्रश्न असतात: खेळण्याचीं पंधरा वर्षें त्याला कोण पोसणार, आणि पुढचीं तीस-चाळीस वर्षें तो काय करणार? या दोन प्रश्नांचीं उत्तरें जेथें मिळतात तेथें खेळाडू टिकतात.

प्रथम त्रिनिदादचें उदाहरण घेऊं. बेट लहान, तेथील संघांचें उत्पन्न तुटपुंजें. तेव्हां तेथील चांगल्या खेळाडूनें समुद्र ओलांडावा हेंच ओघानें आलें. ड्वाइट यॉर्क हा टोबॅगो बेटावरचा मुलगा. १९८९ सालीं इंग्लंडचा अ‍ॅस्टन व्हिला हा संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर आला असतां त्याचा खेळ संघाच्या चालकांच्या नजरेस पडला आणि तो इंग्लंडला गेला. पुढें मँचेस्टर युनायटेड संघांत त्यानें १९९९ सालच्या सुप्रसिद्ध तिहेरी विजयांत मोठा वांटा उचलला. परंतु प्रत्येकाच्या नशिबीं असें वैभव नव्हतें. १६ नोव्हेंबर २००५ रोजीं बहरीनमध्यें ज्या एका गोलामुळें त्रिनिदादला विश्वचषकाचें दार उघडलें, तो गोल करणारा डेनिस लॉरेन्स त्या वेळीं रेक्सहॅम या इंग्लंडच्या चौथ्या श्रेणींत खेळणाऱ्या संघांत चाकरी करीत होता. जर्मनींत पहिल्याच सामन्यांत या संघानें, एक गडी मैदानाबाहेर घालविला गेला असतांहि, स्वीडनसारख्या मातबर संघाला गोलशून्य बरोबरींत रोखलें. त्या दिवशींचा गोलरक्षक शाका हिस्लॉप हा मुळांत राखीव होता. नेमलेला गोलरक्षक सरावांत दुखावल्यामुळें तो आयत्या वेळीं उभा राहिला.

याच संघांतील दोन खेळाडूंचा मार्ग पुढें भारतांत आला. कॉर्नेल ग्लेन शिलाँगच्या लाजाँग संघाकडून व पुढें कलकत्त्याच्या मोहन बागानकडून खेळला. अँथनी वुल्फ गोव्याच्या चर्चिल ब्रदर्स संघांत आला. त्यांच्यामागून त्रिनिदादचाच विलिस प्लाझा आला आणि २०१८-१९ च्या आय-लीग स्पर्धेंत चर्चिल ब्रदर्सकडून २१ गोल करून तो सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या पहिल्या जोडींत बसला. सहस्रावधि कोस दूर असलेल्या एका छोट्या सागरी भूमीचे खेळाडू दुसऱ्या छोट्या सागरी भूमींत पोटासाठीं यावे, हा केवळ योगायोग नव्हे. गोव्यांत त्या काळीं खेळाडूला वेतन देणारे मालक होते, म्हणून ते आले.

हे मालक कोठून आले, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. गोव्यांत फुटबॉल आणण्याचा मान फादर विल्यम लायन्स या पाद्र्याला दिला जातो. १८८३ सालीं शिवोली गांवीं त्यानें हा खेळ सुरू केला असें सांगतात. चर्चजवळचें पटांगण आणि भात कापून मोकळीं झालेलीं शेतें हींच पहिलीं मैदानें. गांवोगांवच्या फेस्तांच्या निमित्तानें सामने होऊं लागले आणि खेळ घराघरांत रुजला. परंतु खेळ रुजला म्हणून चूल पेटत नाहीं. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत गोवा पोर्तुगीजांच्या अंमलाखालीं होता, व भारताच्या राष्ट्रीय संघाकडे जाणारी वाट मुंबईवरून जात होती. गोमंतकीय तरुण तसाहि नोकरीसाठीं मुंबईसच जात असे. तेथें धोबी तलाव, माझगांव या भागांत गांवकऱ्यांनीं चालविलेल्या ‘कूड’ नांवाच्या बिऱ्हाडांत तो उतरे, आणि कूपरेजच्या मैदानावर त्याचा खेळ दिसे. मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा १८९१ पासून सुरू होती. तींत नांव झालें कीं कंपन्यांचें लक्ष जाई.

या मुंबईकर गोमंतकीयांचा शिरोमणि नेव्हिल डिसूझा. टाटा कंपनीच्या संघाचा हा आघाडीचा खेळाडू १९५६ सालीं मेलबर्न ऑलिंपिकला गेला. १ डिसेंबर रोजीं यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारतानें ४-२ असा विजय मिळविला. त्यांतील तीन गोल एकट्या नेव्हिलचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्यें एका सामन्यांत तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला. उपांत्य सामन्यांत युगोस्लाव्हियापुढें भारत ४-१ असा हरला, पण तो एक गोलहि त्याचाच होता. भारताला चौथें स्थान मिळालें. इतकें उंच स्थान भारताला ऑलिंपिक फुटबॉलमध्यें पुन्हां लाभलें नाहीं. स्पर्धेंत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिल होता. १९८० सालीं, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षीं त्याचा अंत झाला. त्याच्या मागोमाग कोलवाळ गांवचा फॉर्च्युनातो फ्रँको पुढें आला. लहानपणींच मुंबईस आलेला हा खेळाडूहि टाटांच्याच संघाचा. १९६२ सालीं जकार्ता येथील आशियाई खेळांत दक्षिण कोरियाला २-१ असें हरवून सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघांत तो होता.

कंपनीच्या संघाची ही पद्धति कशी चाले, हें आजच्या तरुणांस सांगावयास हवें. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, रेल्वे अशा संस्था खेळाडूला प्रथम नोकर म्हणून घेत आणि मग संघांत खेळवीत. सरावासाठीं त्याला कचेरींतून मोकळीक मिळे, स्पर्धेच्या वेळीं रजा मिळे. पगार कारकुनाचाच, परंतु पाय थकले तरी नोकरी सुटत नसे. खेळाडू मैदान सोडून मेजावर बसे, आणि निवृत्तीच्या वयापर्यंत त्याचा संसार चाले. वर सांगितलेल्या दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकाच नेमणूकपत्रांत होतें. या पद्धतीचें वैगुण्यहि होतें: खेळ हा धंदा न होतां जोडकाम राहिला, आणि सरावाचें शास्त्र मागें पडलें. युरोपांतील खेळाडू दिवसभर खेळावरच पोसला जात असतां आपला खेळाडू फायली बाजूला सारून मैदानावर येत होता.

गोवा मुक्त झाल्यावर हा आश्रय गोव्यांतच उभा राहिला. लोखंडाच्या खाणींनीं तेथील कांहीं घराणीं संपन्न केलीं होतीं. वास्को संघ १९५१ चा, साळगांवकर संघ १९५६ चा. त्यांत पुढें सेसा गोवा, धेंपो आणि १९८८ सालीं चर्चिल ब्रदर्स यांची भर पडली. आतां ताळगांवच्या किंवा मडगांवच्या मुलाला मुंबईची गाडी धरावी लागेना. ब्रह्मानंद शंखवाळकर हें या काळाचें उत्तम उदाहरण. ताळगांवचा हा गोलरक्षक कारकीर्दीचा बहुतेक काळ साळगांवकर संघांत राहिला, भारताचा कप्तान झाला, आणि त्याच्याच नेतृत्वाखालीं गोव्यानें १९८३-८४ सालीं संतोष ट्रॉफी जिंकली. आदल्या वर्षीं ती बंगालबरोबर संयुक्त मिळाली होती. या वेळीं ती निर्विवाद गोव्याची झाली. परंतु मानसन्मान मात्र सावकाश आले: अर्जुन पुरस्कार १९९७ चा, आणि पद्मश्री २०२२ सालीं. साळगांवकर संघाचाच ब्रूनो कुतिन्हो पुढें भारताचा कप्तान झाला. त्याला २००१ चा अर्जुन पुरस्कार मिळाला.

या आश्रयाचें फळ राष्ट्रीय पातळीवर दिसलें. १९९८-९९ सालीं साळगांवकर राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला. पुढें आय-लीग सुरू झाल्यावर २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत ओळीनें सहा वर्षें विजेतेपद गोव्याबाहेर गेलें नाहीं: धेंपोला तीनदां, चर्चिल ब्रदर्सला दोनदां, साळगांवकरला एकदां. धेंपोचा क्लायमॅक्स लॉरेन्स यानें २००८ सालीं आशियाई चॅलेंज कपच्या सामन्यांत अफगाणिस्तानविरुद्ध अखेरच्या क्षणीं गोल करून भारताला तारलें. ती स्पर्धा भारतानें जिंकली आणि त्यायोगें २०११ सालीं, २७ वर्षांच्या खंडानंतर, भारत आशिया चषकाच्या मुख्य स्पर्धेंत खेळला.

परंतु जो वृक्ष एकाच मुळावर उभा असतो त्याला एकच घाव पुरतो. २०१२ च्या ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें गोव्यांतील खाणकाम थांबलें. पडझडीची वेळ येथें एका दिवसांत आली नाहीं. तरी खाणींच्या पैशावर पोसलेल्या व्यवस्थेचा पाया ढिला झाला. मुंबईंत महिंद्र युनायटेड हा संघ तर २०१० सालींच बंद झाला होता. २०१४ सालीं इंडियन सुपर लीग ही नवी, पैशानें संपन्न स्पर्धा सुरू झाली, व त्याच वर्षीं एफ. सी. गोवा हा संघ जन्मास आला. जुन्या आय-लीगचें स्थान दुय्यम होणार असें दिसतांच २०१६ सालीं साळगांवकर, स्पोर्टिंग क्लब आणि धेंपो या तिन्ही संघांनीं त्या स्पर्धेंतून अंग काढून घेतलें.

नव्या व्यवस्थेंत खेळाडूला पूर्वींच्या मानानें पुष्कळ अधिक पैसा मिळूं लागला. आहार, वैद्य, परदेशी शिक्षक यांची सोय झाली. हा लाभ लहान नव्हे. मात्र नेमणूकपत्राची जागा कराराने घेतली, आणि करार एका-दोन वर्षांचा असतो. मुदत संपली कीं संघाचें खेळाडूशीं कांहीं देणें उरत नाहीं. पहिल्या प्रश्नाचें उत्तर उत्तम मिळालें. दुसरा प्रश्न ज्याचा त्यानें सोडवावयाचा राहिला.

ज्यांनीं तो सोडविला त्यांचीं उदाहरणें बोधप्रद आहेत. महेश गवळी, दीर्घ काळ भारताच्या बचावफळीचा आधार, निवृत्तीनंतर राष्ट्रीय संघांच्या शिक्षकवर्गांत गेला. सावियो मदैरा याच्या मार्गदर्शनाखालीं २०११ सालीं भारतानें दक्षिण आशियाई स्पर्धा जिंकली. धेंपोचा क्लिफर्ड मिरांडा याच्या शिकवणुकीखालीं ओडिशाच्या संघानें २०२३ चा सुपर कप मिळविला. या सर्वांनीं खेळत असतांना व नंतर शिक्षकाच्या परीक्षा देऊन आपला अनुभव विद्येंत रूपांतरित केला. त्रिनिदादच्या हिस्लॉपची गोष्ट तर शाळामास्तरांनीं वर्गांत सांगावी अशी आहे. तो व्यावसायिक खेळाडू होण्यापूर्वीं अमेरिकेंतील हॉवर्ड विद्यापीठाचा यंत्रशास्त्राचा पदवीधर झाला होता. खेळ संपल्यावर तो दूरचित्रवाणीवर नामांकित समालोचक झाला. चेंडू त्याच्या हातून सुटला, परंतु हात रिकामे राहिले नाहींत.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यास या सर्व कथेंतून काय घेतां येईल? धडगांव-अक्कलकुव्याच्या डोंगरवाटा तुडवीत शाळेस जाणाऱ्या मुलांच्या पायांत दम आहे, हें कोणी सिद्ध करून दाखविण्याची गरज नाहीं. गोव्याला शेतांतल्या मैदानांनीं खेळाडू दिले. ते टिकविले मात्र नोकरी देणाऱ्या मालकांनीं. म्हणून ज्या गांवीं एखादा मुलगा चेंडूमागें वाऱ्यासारखा धांवतांना दिसेल, त्या गांवच्या शिक्षकानें त्याला शाबासकी द्यावीच. पण त्याचें नांव हजेरीपटावरून गळूं देऊं नये. पालकांनीं खेळ बंद करूं नये, आणि परीक्षाहि बुडूं देऊं नये. जिल्ह्यांतील सहकारी संस्था, कारखाने व कचेऱ्या यांनीं वर्षाकाठीं एक-दोन खेळाडूंना खेळाच्या सवलतीसह नोकरी दिली, तर जुन्या कंपनी-संघांतील सर्वांत चांगला गुण येथें फार खर्चावांचून उतरेल. ढाल जिंकल्याच्या दिवशीं मिरवणूक निघतेच. पस्तिसाव्या वर्षीं, मिरवणूक विसरली गेल्यावर, त्या खेळाडूच्या घरीं महिन्याच्या पहिल्या तारखेस पगार येतो कीं नाहीं, यावरूनच तो प्रदेश आपल्या खेळाडूंस किती मानतो तें ठरवावें.